राखेचा हिशेब आणि ताटातली भाजी

चुलीवर अन्न शिजत असे त्या काळी सकाळच्या पहिल्या कामांत चुलीतली थंड झालेली राख काढून ठेवणे हे एक काम असे, आणि दुपारी तीच राख नारळाच्या शेंडीवर घेऊन घरातील बायका पितळेची ओशट पातेली अशी लख्ख करीत की त्यांत तोंड पाहावे. लाकूड जळून जाते, परंतु झाडाने आयुष्यभर मुळांवाटे भूमीतून उचललेली खनिजे जळत नाहीत. ती राखेत शिल्लक राहतात, आणि त्यांतील पोटॅशियमचा क्षार पाण्यात उतरून तेलातुपाचा ओशटपणा काढून टाकतो. ‘अल्कली’ हा शब्द मूळचा अरबी, आणि त्याचा अर्थही खारवट वनस्पतींची राख असाच आहे. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत वनस्पती जाळून क्षार सिद्ध करण्याच्या विधीला स्वतंत्र अध्याय दिला आहे, आणि आसामात केळीच्या सालींची राख पाण्यात गाळून काढलेला ‘खार’ आजही तेथील जेवणात आरंभी वाढला जातो.

ही राखेची कथा आरंभीच सांगण्याचे कारण असे की, सध्या ज्या ‘अल्कधर्मी आहारा’चा इतका गाजावाजा ऐकू येतो, त्याच्या उपपत्तीचा पाया याच राखेवर घातलेला आहे. मांस, अंडी आणि धान्ये खाल्ल्याने रक्त आम्लधर्मी होते व त्यातून नाना व्याधी उद्भवतात, उलट फळे व भाज्या खाल्ल्याने ते अल्कधर्मी होऊन शरीर निरोगी राहते, असे ही उपपत्ती सांगते. तिने काढलेला निष्कर्ष सदोष असला, तरी तिने वाढलेले ताट मात्र उत्तम आहे. आणि सदोष निष्कर्षाला कंटाळून लोकांनी ते उत्तम ताटच दूर सारावे, किंवा ताटाच्या उत्तमपणावर भाळून तो निष्कर्षही खरा मानावा, या दोन्ही गोष्टी मला सारख्याच अहितकारक वाटतात.

या विचाराचा उगम फ्रान्समधील शरीरशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांच्या प्रयोगशाळेत सापडतो. बाजारातून आणलेल्या सशांचे मूत्र शाकाहारी प्राण्यांप्रमाणे गढूळ व अल्कधर्मी असावयास हवे, ते मांसाहारी प्राण्यांप्रमाणे स्वच्छ व आम्लधर्मी आहे, असे एके दिवशी त्यांच्या ध्यानात आले. आणि उपाशी राहिलेले हे ससे स्वतःच्याच मांसावर निर्वाह करीत असले पाहिजेत, असा तर्क त्यांनी बांधला. सशांना गवत घातले, मूत्र गढूळ व अल्कधर्मी झाले. पुन्हा उपाशी ठेवले, ते आम्लधर्मी झाले. आणि उकडलेले गोमांस खाऊ घातल्यावरही तेच घडले. 1865 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात बर्नार यांनी हा वृत्तांत दिला आहे. पुढे 1912 साली अमेरिकेत हेन्री शर्मन व त्यांचे सहकारी यांनी निरनिराळ्या अन्नपदार्थांतील खनिजांचे मापन करून त्यांचा जमाखर्च मांडला: गंधक, स्फुरद व क्लोरीन अधिक असेल तर शेष आम्ल, आणि सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम व मॅग्नेशियम अधिक असेल तर शेष अल्क.

लिंबाचे कोडे येथेच उलगडते. लिंबाइतकी आंबट वस्तू अल्कधर्मी कशी, असा प्रश्न सामान्य माणसाला पडतो आणि तो रास्तही आहे. परंतु लिंबाचा आंबटपणा ज्या सायट्रिक आम्लाचा आहे ते शरीरात बहुतांशी जळून जाते, आणि त्याच्या पोटॅशियमयुक्त क्षारांचे रूपांतर बायकार्बोनेटात होते. जिभेवर आंबट, हिशेबात अल्क! 1995 साली जर्मनीतील रेमर व मान्झ या संशोधकांनी प्रत्येक पदार्थाच्या 100 ग्रॅमांमुळे मूत्रपिंडावर आम्लाचा किती भार पडतो याचा तक्ता तयार केला. त्यात पालक उणे 14, बेदाणे उणे 21, केळे उणे साडेपाच, बटाटा उणे 4, तर पांढरा तांदूळ अधिक 4.6 आणि अंडे अधिक 8.2 असे आकडे आहेत. उणे म्हणजे अल्क, अधिक म्हणजे आम्ल.

येथपर्यंत सारे खरे आहे. चूक होते ती पुढच्या पायरीवर. मूत्र बदलले म्हणजे रक्तही बदलले, असे हा पंथ गृहीत धरतो. वस्तुतः रक्ताचा सामू 7.35 ते 7.45 या अरुंद पट्ट्यात राखण्याचा बंदोबस्त निसर्गाने इतका कडेकोट केला आहे की, जेवणातील एखाद्या पदार्थाने तो मोडावा हे निरोगी माणसाच्या बाबतीत संभवत नाही. फुप्फुसे श्वासागणिक कार्बन डायॉक्साइड बाहेर टाकतात, आणि दिवसाकाठी उरणारे थोडे स्थिर आम्ल मूत्रपिंडे हिशेबाने वाहून नेतात. म्हणूनच मूत्राचा सामू साडेचारपासून आठपर्यंत हिंदकळतो आणि रक्ताचा मात्र स्थिर राहतो. कागदी पट्टी मूत्रात बुडवून कोणी ‘शरीर आम्लधर्मी झाले’ असा निवाडा देत असेल, तर त्याला दिसलेली गोष्ट व्याधीची खूण नसून मूत्रपिंडे आपले काम चोख करीत असल्याचा दाखला होय. यंत्रातून काढलेल्या महागड्या ‘अल्कधर्मी पाण्या’चीही गत तीच; जठरातील तीव्र आम्लाशी गाठ पडताच त्याचे अल्कपण संपते.

याहून गंभीर मामला कर्करोगाचा आहे. अर्बुदाच्या भोवतालची जागा आम्लधर्मी असते ही गोष्ट खरी, परंतु ते आम्ल अर्बुद स्वतःच निर्माण करते, जेवणातून ते तेथे जात नाही. आणि आहाराने रक्त अल्कधर्मी करून हा रोग हटवू असे सांगणाऱ्याच्या नादी लागून ज्यांनी उपचार लांबणीवर टाकले, त्यांच्या हातून गेलेला काळ परत येत नाही. आम्लधर्मी अन्नाने हाडे झिजतात या समजुतीलाही 2009 व 2011 साली प्रसिद्ध झालेल्या परीक्षणांत आधार मिळाला नाही.

मग या ताटाचा उत्तमपणा कशात आहे? त्यात भाज्या व फळे मुबलक आहेत, तंतू आहेत, पोटॅशियम आहे, मीठ व तळण कमी आहे, यात आहे. 1997 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या ‘डॅश’ आहाराच्या प्रयोगात भाज्या, फळे व कमी स्निग्धांशाचे दूध यांनी युक्त आहाराने रक्तदाब उतरतो हे स्पष्ट झाले. लिंबातील सायट्रेट मूत्रात उतरून काही प्रकारच्या मुतखड्यांना आळा घालते. आणि दिवसाला निदान 400 ग्रॅम भाज्या-फळे खावीत ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. आपल्या घराघरांतून पोळीभाताच्या ढिगाशेजारी जी चमचाभर भाजी वाढली जाते, तिच्याकडे पाहिले म्हणजे या 400 ग्रॅमांपासून आपण किती दूर आहो, हे उमजते.

पाककृतींकडे वळण्यापूर्वी दोन गोष्टी आवर्जून सांगावयाच्या आहेत. भाजीतील पोटॅशियम पाण्यात उतरते. म्हणून पालेभाजी उकडून, पिळून, ते पाणी मोरीत ओतणे म्हणजे ज्या क्षारासाठी हा सारा खटाटोप, तोच टाकून देणे होय. (ज्यांना मुतखड्याचा वा मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांची गोष्ट वेगळी, त्यांना पोटॅशियम व ऑक्झॅलेट या दोहोंची मर्यादा वैद्यकीय सल्ल्यानेच ठरवावी लागते.) दुसरे असे की, भाजीचा रंग हिरवा राहावा किंवा कडधान्य लवकर शिजावे म्हणून चिमूटभर खाण्याचा सोडा घालण्याची जी सवय पुष्कळ घरी आहे, ती सोडावी. अन्न त्याने खरोखरच अल्कधर्मी होते, पण त्याच अल्काने ‘ब-1’ आणि ‘क’ ही जीवनसत्त्वे नष्ट होतात.

लाल माठाची भाजी: माठाची एक मोठी जुडी निवडून, पाने आधी धुऊन मग चिरावीत. 2 चहाचे चमचे तेलात 6 ठेचलेल्या लसूणपाकळ्या व 2 सुक्या मिरच्या तांबूस होऊ द्याव्या, एक कांदा परतावा आणि माठ घालून मंद आचेवर झाकण ठेवावे. वरून पाणी घालू नये. पाल्याला स्वतःचे पाणी पुरते. पाला निम्म्याहून आळतो, म्हणून मीठ शेवटी घालावे, आणि 8 मिनिटांनी 2 मोठे चमचे ओले खोबरे पेरून उतरावे.

लाल भोपळ्याची भाजी: अर्धा किलो भोपळा सालीसकट फोडी करून घ्यावा. तेलात मोहरी, हिंग व अर्धा चमचा मेथीदाणे फोडणीला घालून, मेथी लालसर होताच फोडी टाकाव्यात आणि झाकणावर पाणी ठेवून वाफेवर शिजवाव्यात. सुपारीएवढा गूळ व तेवढ्याच चिंचेचा कोळ घातला की मेथीचा कडवटपणा, भोपळ्याची गोडी आणि चिंचेची आंबट चव एकमेकींना सांभाळून घेतात.

टोमॅटोचे सार: अर्धा किलो पिकलेले टोमॅटो वाटीभर पाण्यात शिजवून, त्याच पाण्यासह वाटून गाळावेत. जिरे, कढीपत्ता व हिरवी मिरची यांची फोडणी देऊन एक उकळी आणावी, मीठ व किंचित गूळ घालावा आणि आच मंद करून वाटीभर नारळाचे दूध मिसळावे. यानंतर मात्र उकळू नये, कारण दूध फुटते.

खमंग काकडी: दोन काकड्या कोचवून घ्याव्यात, सुटलेले पाणी पिळू नये. 2 मोठे चमचे दाण्याचे कूट, चमचाभर खोबरे, अर्ध्या लिंबाचा रस आणि वरून जिऱ्यामिरचीची फोडणी. मीठ पानावर बसण्याच्या वेळीच घालावे.

या चार पदार्थांसमवेत वाटीभर वरण आणि भाकरी वा भात अवश्य असावा. राखेच्या हिशेबात डाळ व धान्य आम्लाच्या बाजूस पडतात, म्हणून ती वर्ज्य करणारेही मी पाहिले आहेत. परंतु शाकाहारी माणसाचे बरेचसे प्रथिन डाळ व धान्यातूनच यावयाचे, आणि ते सोडून देणे म्हणजे कागदावरचा ताळेबंद जुळविण्यासाठी घरचे धान्य विकून टाकणे होय. दूधदुभतेही ज्यांनी सोडले आहे त्यांनी ‘ब-12’ या जीवनसत्त्वाची स्वतंत्र तजवीज करावी, कारण भाज्यांत ते मिळत नाही.

रक्ताची काळजी शरीर आपल्या जन्मापासून अहोरात्र करीत आले आहे, आणि त्यासाठी त्याला आपल्या पट्ट्यांची वा यंत्रांची गरज नाही. त्याला आपल्याकडून हवे आहे ते फार थोडे: उद्याच्या जेवणात भाजी चमच्याने न वाढता वाटीने वाढावी, आणि तिचे पाणी टाकू नये.