पट्ट्याबाहेर गेलेला भाव

दरवर्षी मंडळाच्या दिवाळी फराळाला कुणीतरी तरुण इंजिनिअर चिवड्याची वाटी घेऊन शेजारी येऊन बसतो, मोबाइलवरचा आलेख पुढे करतो आणि विचारतो, "काका, भाव खालच्या पट्ट्याला टेकलाय. घ्यायचा ना?" यंदा प्रश्न येण्याआधीच उत्तर लिहून ठेवतो.

पट्टा काढणं सोपं आहे. गेल्या 20 दिवसांच्या बंद भावांची सरासरी घ्यायची. रोज एक जुना दिवस गळतो, एक नवा येतो, म्हणून ती मूव्हिंग अ‍ॅव्हरेज. तिच्या वर 5 टक्के आणि खाली 5 टक्के रेघ ओढली की झाला पट्टा. सरासरी 100 असेल तर पट्टा 95 ते 105. वर टेकला की महाग, खाली टेकला की स्वस्त, असं सांगणारे भरपूर भेटतात. मलाही 2006 साली जुबैलला एक सहकारी असाच भेटला होता.

तो काळ नव्यांनी पाहिलेला नाही. तदावुलचा निर्देशांक 2002 च्या अखेरीस 2,500 च्या आसपास होता. 2005 संपताना 16,712 आणि 25 फेब्रुवारी 2006 ला 20,634. बँकांच्या ट्रेडिंग हॉलमध्ये भल्यामोठ्या पडद्यांसमोर माणसं तासन्‌तास बसलेली असत. त्या तीन वर्षांत वरचा पट्टा लागला म्हणून ज्याने ज्याने विकलं, त्याला नंतर पस्तावावं लागलं. आपण परदेशी लोक मात्र म्युच्युअल फंडातूनच पैसे घालू शकत होतो. थेट शेअर घ्यायची परवानगी मिळाली ती मार्च 2006 मध्ये. दार उघडलं तेव्हा आत आग लागलेली होती, पण आम्हाला ती शेकोटी वाटली.

एप्रिलमध्ये बाजार पुन्हा घसरला तसा सहकाऱ्याच्या एक्सेलमध्ये खालचा पट्टा तुटला आणि मी 40 हजार रियाल घातले. डोंबिवलीच्या फ्लॅटसाठी बाजूला ठेवलेले, तेव्हाचे पावणेपाच लाख रुपये. हिला विचारलं नव्हतं. पट्टा पुन्हा तुटला, तेव्हा उरलेलेही घातले. मे महिन्यात निर्देशांक 11 हजारांच्या खाली होता आणि वर्षाअखेर 7,933.

(त्याच वसंतात शेअरची दर्शनी किंमत 50 रियालवरून 10 वर आणली गेली, म्हणजे एकाचे पाच शेअर झाले. जुने भाव पाचाने न भागता काढलेल्या आलेखात त्या दिवशी भाव पट्ट्याखाली कोसळलेला दिसतो. बोनस किंवा स्प्लिटच्या आसपास हे अजूनही तपासून पाहावं.)

चूक कुठे झाली ते मला पुढे कागद-पेन्सिल घेऊन बसल्यावर कळलं. समजा एक शेअर 20 दिवस 100 वर स्थिर आहे आणि मग रोज 5 टक्के पडू लागला. पहिल्या दिवशी भाव 95, पट्ट्याची खालची कड 94.76, जेमतेम आत. दुसऱ्या दिवशी भाव 90.25, कड 94.30. इथे मी खरेदी केली. दहाव्या दिवशी भाव साठाच्या खाली आणि कड अजून 83.71 वर! सरासरीत जुने शंभरचे दहा दिवस बसलेले असतात, ते तिला खाली येऊ देत नाहीत. म्हणजे दुसऱ्या दिवसापासून दहाव्यापर्यंत पट्टा रोज "स्वस्त, स्वस्त" म्हणत होता. भाव त्याच्या स्वतःच्या अलीकडच्या सरासरीपासून किती लांब गेला, एवढंच पट्टा सांगतो. शेअरची लायकी किती, हे त्याला ठाऊक नसतं.

जॉन बॉलिंजर यांनी 1980 च्या दशकात पट्ट्याची रुंदी भावाच्या चढउतारावर ठरवली: 20 दिवसांची सरासरी आणि दोन्ही बाजूंना दोन प्रमाण विचलनं. बाजार शांत असला की पट्टा आवळतो, उसळला की फुगतो. ही सुधारणा खरी आहे. पण जोरदार तेजीत भाव वरच्या कडेला धरून आठवडेच्या आठवडे चालतो आणि मंदीत खालच्या. तिथेही नुसत्या स्पर्शावरून काही ठरत नाही.

म्हणून मी आता आधी मधली रेघ बघतो. ती आडवी असेल तर पट्टे कुंपणासारखे काम देतात. खाली घेणं, वर विकणं जमतं. ती खाली झुकलेली असेल तर खालची कड माझ्यासाठी नाहीच. आपल्याला आणखी एक बंधन आहे. भारतातल्या बाजारात एनआरआयला सकाळी घेऊन दुपारी विकता येत नाही, डिलिव्हरी घ्यावीच लागते. त्यामुळे पाच मिनिटांच्या आलेखावरचे पट्टे, जे आपली मुलं इथल्या पावणेसातला, ऑफिसच्या बसमध्ये बसून बघतात, ते आपल्या उपयोगाचे नाहीत. घेतलेली चूक रात्री घरी मुक्कामाला येते.

फ्लॅट आम्ही चार वर्षं उशिरा घेतला, एक खोली कमी. ही अजून त्या खोलीला "तदावुल" म्हणते. पाहुणे आले की, "तदावुलमध्ये झोपा," असं सांगते, म्हणजे हॉलमध्ये.

तर यंदा आलेख दाखवायला याल तेव्हा मधली रेघ कुठे झुकली आहे ते आधी सांगा. तोवर मी चिवडा संपवतो.