वाळवणात वजन जाते कुठे?

खळ्यावर क्विंटलभर भरलेले सोयाबीन चार-पाच दिवस उन्हात वाळवून बाजारात नेले, की काट्यावर सहा-सात किलो कमी भरते. काटा खोटा की पोती सांडली, असा संशय तेव्हा शेतकऱ्याच्या मनात येतो. बहुतेक वेळा दोन्ही घडलेले नसते. गेलेले असते ते पाणी. वाळणे हा भौतिक बदल आहे. दाण्यातील तेल, प्रथिने व टरफल जागच्या जागी राहतात. वाफ होऊन हवेत मिसळलेल्या पाण्याचेही वस्तुमान नष्ट होत नाही, ते फक्त काट्यावरून उतरते.

18 टक्के ओलाव्याच्या 100 किलो सोयाबीनमध्ये शुष्क पदार्थ 82 किलो असतो. ओलावा 12 टक्क्यांवर आला की हेच 82 किलो एकूण वजनाचे 88 टक्के होतात. 82 ला 0.88 ने भागल्यास 93.2 किलो वजन येते. म्हणजे घट 6.8 किलो, अठरातून बारा वजा करून येणारी 6 नव्हे. एकूण वजन घटले की टक्केवारीचा पायाच बदलतो, हे बहुधा विसरले जाते.

हमीभाव खरेदीत सोयाबीनसाठी सर्वसाधारणपणे 12 टक्के ओलाव्याची मर्यादा असते. 15 टक्के ओलाव्याच्या मालावर याच हिशोबाने क्विंटलमागे सुमारे 3.4 किलो घट रास्त ठरते. ओलाव्याच्या नावाखाली त्याहून अधिक कडता कापला जात असेल, तर विचारणा करण्यास हा आकडा पुरेसा आहे. उलट, धास्तीने माल 9 टक्क्यांपर्यंत वाळवला तर 12 टक्क्यांच्या तुलनेत क्विंटलमागे 3.3 किलो वजन फुकट जाते, शिवाय दाणे फुटतात ते वेगळेच.

ओला ढीग तापणे हे मात्र निराळे प्रकरण. तेथे दाण्यांच्या व बुरशीच्या श्वसनात शुष्क पदार्थच खर्ची पडतो, कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि तयार झालेल्या पाण्याने ढीग आणखी ओला होतो. ही घट वरच्या सूत्रात बसत नाही.

म्हणूनच एका पोत्यावर खूण करून भरताना व विकताना, दोन्ही वेळी वजन आणि ओलावा नोंदवावा. प्रत्यक्ष वजन हिशोबापेक्षा कमी भरले, तर मग उंदीर, कीड, तापलेला ढीग आणि काटा यांची तपासणी करावी.