इंजिनाचे कण्हणे

वैद्याकडे आलेला रोगी बहुधा दुखणाऱ्या जागेवर बोट ठेवतो. अनुभवी वैद्य त्या बोटाकडे पाहतो खरा, परंतु त्याचा पहिला प्रश्न निराळाच असतो : केव्हा दुखते? जेवणाआधी की जेवल्यावर? चालताना की पडून राहिल्यावर? वेदना जेथे जाणवते तेथेच तिचे मूळ असेल असा नियम नाही, हे तो जाणून असतो. यंत्राची गोष्टही याहून वेगळी नाही. जुन्या मोटारीतून एखादे दिवशी बारीक, लांबट, रडवा असा आवाज येऊ लागला, की मालक म्हणतो, "इंजिन कण्हते आहे." आवाज समोरून आल्यासारखा वाटतो, समोर इंजिन आहे, तेव्हा दोष इंजिनाचाच, असा हा सरळ हिशेब असतो, आणि पुष्कळदा तो चुकीचा ठरतो. या चुकीपायी कित्येक निरोगी इंजिने विनाकारण उघडली जातात आणि खरा दोष मात्र जागच्या जागी वाढत राहतो.

म्हणून आवाजाचे निदान करताना एक सूत्र प्रथमच ध्यानात ठेवले पाहिजे. आवाज कोठून येतो, या प्रश्नाआधी तो कशाबरोबर बदलतो, हे विचारावे.

एक गाडी आणि एक रस्ता

विवेचन हवेत राहू नये म्हणून एक गाडी आणि एक रस्ता डोळ्यांपुढे ठेवू या. गाडी आहे एमजीए, इंग्लंडमधील अ‍ॅबिंग्डन येथे १९५५ ते १९६२ या काळात तयार झालेली दोन आसनांची स्पोर्ट्‌स मोटार. अशा गाड्यांची एक लाखाहून अधिक निर्मिती झाली. तिचे आरंभीचे इंजिन १,४८९ घनसेंटिमीटरचे होते. हा आकडा भारतीय मेस्त्रीला अनोळखी नाही. १९५९ पासून हिंदुस्थान अ‍ॅम्बॅसॅडरमध्ये जे इंजिन बसू लागले, ते याच कुळातले आणि याच आकारमानाचे होते. एमजीएला दोन कार्बुरेटर आणि थोडी अधिक शक्ती लाभली होती, एवढाच मुख्य फरक. अ‍ॅम्बॅसॅडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. तरी तिच्या इंजिनावर ज्याचा हात बसला आहे, त्याला एमजीएचे झाकण उघडल्यावर परके वाटत नाही.

आणि रस्ता आहे बंगळूरहून उत्तरेकडे देवनहळ्ळीला जाणारा. टिपू सुलतानाचे जन्मस्थान आणि तेथील दगडी किल्ला यांमुळे हे गाव इतिहासाच्या वाचकांना परिचित आहे; २००८ साली बंगळूरचा नवा विमानतळ या परिसरात सुरू झाल्यापासून ते सर्वांनाच परिचित झाले. येथवरचा महामार्ग बराचसा सपाट आणि सरळ आहे. देवनहळ्ळीच्या पुढे नंदी डोंगराचा घाट लागतो. आवाजाच्या परीक्षेला याहून सोयीची जागा शोधून सापडणार नाही. कारण येथे एकसारखा वेग मिळतो, चढ मिळतो आणि उतारही मिळतो. अर्थात विमानतळाकडे धावणाऱ्या वाहनांच्या गर्दीत प्रयोग करणे म्हणजे जिवाशी खेळ होय. त्यासाठी पहाटेची वेळ आणि आतला निवांत रस्ताच निवडावा.

असे समजू की, या रस्त्यावर आपली एमजीए कण्हू लागली आहे. मालक इंजिन उतरवण्याच्या विचारात आहे. त्याआधी आपल्याला त्याचा हात धरायचा आहे.

स्वर आणि गती

फिरणारी वस्तू स्वर कसा उत्पन्न करते, हे समजले की निदानाची निम्मी वाट सरते. दोन दंतचक्रे एकमेकांत अडकून फिरतात तेव्हा प्रत्येक दात समोरच्या दाताला भेटताना एक सूक्ष्म धक्का देतो. चक्राला २० दात असतील आणि ते मिनिटाला ३,००० फेरे, म्हणजे सेकंदाला ५० फेरे घेत असेल, तर सेकंदाला १,००० धक्के बसतात. कानाला हे धक्के सुटे ऐकू येत नाहीत. त्यांचा मिळून एक अखंड स्वर होतो. देवनहळ्ळीच्या आकाशातून उतरणाऱ्या विमानाची तीक्ष्ण शीळ याच नियमाने जन्मते. तेथे दातांच्या जागी इंजिनातील चक्रांची पाती असतात, इतकेच.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. चक्राची गती दुप्पट झाली की स्वर बरोबर एक सप्तक वर चढतो. ज्याने पेटीवर थोडीफार बोटे फिरवली आहेत त्याच्याजवळ निदानाचे एक उत्तम साधन आहे, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. स्वर गतीबरोबर चढत-उतरत असेल, तर तो एखाद्या फिरणाऱ्या भागाचा आहे. उलट, एखाद्या ठराविक वेगालाच आवाज उठत असेल आणि त्या वेगाच्या अलीकडे-पलीकडे विरत असेल, तर एखादा पत्रा किंवा नळी त्या कंपनांना साथ देत आहे असे समजावे. तेथे एखादा स्क्रू आवळल्यानेही काम भागते.

जागा मात्र कानाला फसवते. एकसुरी आवाजाची दिशा ठरवणे मुळातच कठीण असते. त्यात एमजीएमध्ये चालक जमिनीलगत बसतो, गिअरपेटी दोन आसनांमधील बोगद्यातच असते, आणि गाडीचा सांगाडा मागच्या टोकाचा आवाज पुढच्या टोकापर्यंत बिनबोभाट वाहून नेतो. म्हणूनच कानाला स्थानाविषयी नव्हे, तर संबंधाविषयी विचारावे.

पहिला प्रश्न : गाडी उभी असताना आवाज येतो काय?

गाडी उभी करून, गिअर न टाकता इंजिनाची गती हळूहळू वाढवावी. आवाज येत असेल आणि गतीबरोबर चढत असेल, तर मागची चाके, मागचा आस आणि त्याला गती देणारा लांब दांडा हे सर्व एका क्षणात निर्दोष ठरतात; कारण ते फिरतच नाहीत.

आता क्लच दाबावा. दाबताच आवाज थांबला, तर गिअरपेटीतील पुढच्या दांड्याच्या बेअरिंगकडे संशयाने पाहावे; क्लच दाबल्यावर हा दांडा आणि त्याच्याखालचा जोडदांडा थांबतात. उलट दाबताच आवाज सुरू झाला, तर क्लच सोडवणारे बेअरिंग झिजले आहे. एमजीएमध्ये ते गोळ्यांचे नसून कार्बनच्या कड्याचे असते आणि क्लचवर पाय टेकवून गाडी चालवण्याच्या सवयीने लवकर संपते. क्लचने काहीच फरक पडला नाही, तर मात्र इंजिनाकडे वळावे. आणि तेथेही प्रथम त्याच्या बाहेरील भागांकडे.

या इंजिनाच्या पुढच्या बाजूस एकच पट्टा पाण्याचा पंप आणि डायनॅमो या दोघांना फिरवतो. इंजिन थंड असताना हा पट्टा काढून ते अर्धा मिनिट चालवावे. पंप बंद असल्याने याहून अधिक वेळ चालवू नये. आवाज गेला, तर तो पट्ट्याचा, पंपाचा किंवा डायनॅमोचा होता. मग इंजिन बंद करून दोन्ही कप्प्या हाताने फिरवून पाहाव्यात. खरखर किंवा ढिलेपणा बोटांना लगेच कळतो. पंपाचा दोष क्षुल्लक समजू नये. या इंजिनात पंखा पंपाच्याच दांड्यावर बसवलेला असतो. बेअरिंग मोडले तर पाती रेडिएटरमध्ये घुसतात, आणि नंदीच्या घाटात पाणी गमावलेले इंजिन थोड्याच वेळात तापून निकामी होते.

मंद गतीला शिट्टीसारखा आवाज येत असेल आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबताच तो नाहीसा होत असेल, तर तो फिरणाऱ्या भागाचा नव्हेच. कार्बुरेटर आणि इंजिन यांच्यामधील सांध्यातून हवा आत शोषली जात आहे.

दुसरा प्रश्न : तो इंजिनामागे जातो की चाकांमागे?

गाडी उभी असताना आवाज येत नसेल, तर रस्त्यावर निघावे लागते. येथे पुष्कळ जण एक चूक करतात : ते चौथ्या गिअरमध्येच वेग कमी-जास्त करून पाहतात. एमजीएच्या चौथ्या गिअरमध्ये इंजिन आणि मागचा दांडा एकाच गतीने फिरतात. दोघे हातात हात घालून चालत असताना कोणाची पावले वाजतात हे कसे कळावे? त्यांना वेगळे केले पाहिजे.

त्यासाठी वेग तोच ठेवून गिअर बदलावा. ताशी ६० किलोमीटर वेगाने चौथ्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला सुमारे २,२०० फेरे घेते. त्याच वेगाने तिसऱ्या गिअरमध्ये सुमारे ३,०००. आवाज इंजिनाबरोबर बांधलेला असेल, तर साच्या जागी जवळजवळ मध्यम ऐकू येईल. स्वर जागचा हलला नाही, तर तो रस्त्याच्या वेगाशी बांधलेला आहे, म्हणजे गिअरपेटीच्या मागचा आहे.

गिअरपेटीची स्वतःची खूण वेगळी असते. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये आवाज येतो आणि चौथ्यात बराच कमी होतो; कारण चौथ्यात शक्ती थेट मागे जाते आणि जोडदांड्यावर भार उरत नाही. पहिल्या गिअरमध्ये मात्र ही गाडी नवी असतानाही कण्हत असे. त्याचे दात सरळ कापलेले असल्याने तो त्याचा स्वभाव आहे, दोष नव्हे. स्वभाव आणि दोष यांतील भेद ओळखणे हाही निदानाचाच भाग होय.

तिसरा प्रश्न : भाराबरोबर तो बदलतो काय?

शेवटची परीक्षा घाटात होते. चढावर इंजिन चाकांना ढकलते. उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडला की चाके इंजिनाला ओढतात. अशा वेळी दंतचक्रांच्या दातांची एक बाजू सुटून दुसरी बाजू भार घेते. चढावर येणारा आवाज उतारावर थांबला किंवा उलटे घडले, तर तो दातांचा समजावा. भार बदलूनही आवाज तसाच राहिला, तर बेअरिंगची शक्यता अधिक. वळणावर, गाडीचे वजन एका बाजूला झुकताना तो वाढला, तर चाकाचे बेअरिंग तपासावे. आणि रस्त्याचा पृष्ठभाग बदलताच तो बदलला, तर टायरांवरच समाधान मानावे.

निदान

आपल्या गाडीने काय उत्तर दिले असे समजू? उभी असताना ती शांत होती. ताशी ६० किलोमीटरला तिसऱ्या आणि चौथ्या गिअरमध्ये स्वर एकच राहिला. चढावर तो तीव्र झाला, उतारावर मंदावला. आता इंजिन उतरवण्याचे कारण उरले नाही; कण्हणे मागच्या आसातील दंतचक्रांचे आहे. तेथील लहान चक्राला १० आणि मोठ्याला ४३ दात असतात. या वेगाला लहान चक्राचे दात सेकंदाला सुमारे ३६५ वेळा भिडतात, आणि कानाने ऐकला तोही साधारण याच पट्टीतला स्वर होता.

यानंतर प्रथम पाहावयाचे ते तेल. लहान चक्राच्या तोंडाशी असलेले सील जुने झाले की तेल थेंबथेंब गळते आणि दात कोरडे पडू लागतात. सील आणि तेल यांचा खर्च इंजिन उघडण्याच्या खर्चापुढे अगदी किरकोळ असतो. परंतु दुर्लक्ष केले तर हाच दोष भयंकर रूप घेतो. तेलावाचून तापलेले बेअरिंग जाम झाले, तर मागची दोन्ही चाके एकदम अडकू शकतात. भर महामार्गावर याचा अर्थ काय होतो, हे सांगण्याची गरज नाही.

१८१६ साली पॅरिसमध्ये लेनेक या वैद्याने कागदाची गुंडाळी रोग्याच्या छातीला लावली आणि त्यातून स्टेथोस्कोपचा जन्म झाला. आपले मेस्त्रीही लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक यंत्राला आणि मूठ कानाला लावून तीच विद्या आचरतात. हे साधन उत्तमच आहे. फिरता पंखा आणि सैल कपडे यांचे भान मात्र ठेवले पाहिजे. परंतु त्याचा उपयोग शेवटी करावयाचा असतो. तीन प्रश्नांनी संशयाचे वर्तुळ लहान झाल्यावर नेमकी जागा निश्चित करण्यापुरताच तो असावा.

जुन्या यंत्राचा प्रत्येक भाग पुन्हा मिळेलच असे नाही. म्हणून पाना हाती घेण्याआधी थोडा वेळ नुसते ऐकत राहणे, हीदेखील दुरुस्तीच होय. यंत्र आपले दुखणे लपवत नाही. त्याला काय विचारावे, हे मात्र आपल्याला ठाऊक असावे लागते.