बॉवर्सच्या हातातली दोरी

फोटोत ब्रिटिश कप्तान स्कॉटच्या दक्षिण ध्रुव मोहिमेतली पाच माणसं आहेत. मागे ओट्स, स्कॉट आणि एडगर इव्हान्स उभे, पुढे बॉवर्स आणि विल्सन बर्फावर बसलेले. थंडीनं रापलेले चेहरे, आणि हसू एकाच्याही ओठांवर नाही. बॉवर्सच्या हाताकडे नीट पाहिलं की बारीक दोरी दिसते. ती त्यानं ओढली आणि शटर उघडलं. जागा दक्षिण ध्रुव, तारीख 18 जानेवारी 1912. नॉर्वेचा अमुंडसेन महिनाभर आधीच तिथं येऊन गेला होता. फोटो काढताना पाचही जणांना ते ठाऊक होतं, म्हणून त्या काळच्या ध्रुवीय फोटोंमध्ये याच्याइतका खरा फोटो दुसरा नाही.

हा फोटो आपल्याला वाटतो तितका परका नाही. हेन्री बॉवर्स रॉयल इंडियन मरीनचा अधिकारी, आणि त्या दलाचं ठाणं मुंबईत होतं. ओट्सनं मोहिमेसाठी अर्ज केला तेव्हा त्याची पलटण महूच्या छावणीत होती. बाबासाहेबांचा जन्म झाला तेच महू.

बॉवर्सला कॅमेरा शिकवला हर्बर्ट पाँटिंगनं. अंटार्क्टिकाच्या मोहिमेवर गेलेला हा पहिला व्यावसायिक छायाचित्रकार. मोहिमेच्या तळावर, केप इव्हान्सच्या लाकडी घरात, त्यानं स्वतःसाठी अंधारी खोली उभारली, काचेच्या प्लेटा तिथंच धुतल्या आणि झोपायलाही तो तिथंच असे. बाहेरची थंडी मात्र कॅमेऱ्याच्या मुळावर उठलेली. एकदा काम करताना त्याच्या जिभेचं टोक कॅमेऱ्याच्या धातूला लागलं आणि जागीच चिकटलं. सोडवताना कातडी निघाली.

दौंड तालुक्यातल्या राहू बेटात, भीमा आणि मुळा-मुठेच्या मधल्या ऊसपट्ट्यात, गुऱ्हाळावर गेलेल्या कुणालाही पाँटिंगची दुसरी अडचण लगेच कळेल. रस उकळत असताना काहिलीजवळ मोबाइल नेला की वाफ थंड काचेवर धरते आणि फोटो धुरकट येतो. पाँटिंगचंही तसंच होई. गारठलेला कॅमेरा घराच्या उबेत आणला की त्याच्यावर सगळीकडे पाणी धरे, आणि पुन्हा बाहेर नेला की त्याच पाण्याचा बर्फ होई. म्हणून तो कॅमेरे बाहेरच ठेवी. राहूत वाफ पुसली की काम भागतं. अंटार्क्टिकात लेन्सवर स्वतःचा श्वास पडला तरी त्याचा बर्फ व्हायचा.

ध्रुवावरून परतताना पाचही जण गेले. इव्हान्स वाटेत कोसळला, ओट्स वादळात तंबूबाहेर निघून गेला, उरलेले तिघे तंबूतच. त्यांच्याजवळच त्या फोटोची न धुतलेली फिल्म पडून होती, जवळपास आठ महिने.

शोध घ्यायला गेलेल्या तुकडीच्या घसरगाड्या ओढत होती हिंदुस्थानातून आलेली सात खेचरं. तिथंच तयार केलेली, बर्फावरची तिरीप लागू नये म्हणून डोळ्यांवर रंगीत चष्मे दिलेली. त्यांची नावं ऐकली की अंटार्क्टिका क्षणभर विसरायलाच होतं: लाल खान, गुलाब, बेगम, राणी, अब्दुल्ला, प्यारी, खान साहिब. 12 नोव्हेंबर 1912 ला तंबू सापडला. रोजनिशा आणि पत्रांबरोबर फिल्मही केप इव्हान्सला आली.

पाँटिंग तेव्हा इंग्लंडला परतला होता. त्याच्याकडूनच धडे घेतलेल्या फ्रँक डेबनहॅम या भूगर्भशास्त्रज्ञानं ती फिल्म धुतली. इतके महिने गोठून पडलेल्या त्या फिल्मवर पाचही चेहरे उमटले, आणि बॉवर्सच्या हातातली दोरीसुद्धा.