करवकिलीसाठी एल.एल.एम. हवे काय?

धाकट्या बहिणीच्या मुलाने यंदा एल.एल.बी. केले. वकिलीची सनद घेण्याऐवजी आता त्याला आधी एल.एल.एम. करायचे आहे, म्हणजे करांच्या कामात नाव होईल असे त्याचे म्हणणे. बहीण तीर्थपुरीला दुकानात येऊन बसली. म्हणाली, "भाईजान, पोराच्या आणखी शिक्षणात पैसा घालू की कुणाच्या हाताखाली लावू?"

कापडवाल्याला हा सवाल जिव्हाळ्याचा आहे. १९५७ पासून कापडावर विक्रीकराऐवजी जादा उत्पादन शुल्क घेतले जाई आणि ते उत्पादनाच्या ठिकाणीच वसूल होई. त्यामुळे काउंटरवर बसणाऱ्याला विक्रीकराचे विवरणपत्र माहीत नव्हते. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, कापडावर ५ टक्के कर लागला आणि आमची वही पोर्टलवर गेली. उर्दू शाळेत शिकलेला मी. जमाखर्च उर्दूत, नोटीस मात्र इंग्रजीत.

ती नोटीस अजून आठवते. माल घेताना मी कर दिला होता, बिलही होते. पण विकणाऱ्याने तो कर सरकारात भरलाच नव्हता, म्हणून माझी वजावट नामंजूर होणार होती. आमच्या सल्लागाराने पोर्टल उघडूनच पाहिले नाही. उत्तराची तारीख टळली, आदेश निघाला. अपिलाला तीन महिने असतात, सबळ कारण असेल तर वर एक महिना. तेही गेले. उरला छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठाचा मार्ग. वकील प्रामाणिक होते. म्हणाले, रक्कम पाहता याचिकेचा खर्च परवडणार नाही. कर, व्याज, दंड भरून मोकळा झालो.

भाच्याला म्हटले, त्या दिवशी मला कोण हवा होता ते सांग.

जीएसटी अधिकाऱ्यापुढे व्यापाऱ्याच्या वतीने वकील, सनदी लेखापाल, कॉस्ट अकाउंटंट, कंपनी सेक्रेटरी, नोंदणीकृत जीएसटी प्रॅक्टिशनर असे कितीतरी जण उभे राहू शकतात. आयकर अपील न्यायाधिकरणातही वकील आणि सनदी लेखापाल दोघेही चालतात. उच्च न्यायालयात मात्र वकीलच लागतो. आणि त्या वकिलीला एल.एल.बी., बार कौन्सिलची नोंदणी व अखिल भारतीय बार परीक्षा एवढेच लागते, एल.एल.एम. कुणी विचारत नाही. उलट आयकराचे टॅक्स ऑडिट वकिलाला करता येत नाही, कितीही पदव्या असोत. ते काम सनदी लेखापालाचे. आकड्यांचीच आवड असेल तर पोराने तिकडे जावे, पण ती परीक्षा कठीण.

नानी पालखीवालांचे उदाहरण मी त्याला दिले. शिक्षण इंग्रजीत एम.ए. आणि मुंबईच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजची वकिलीची पदवी. पुढे १९४४ मध्ये सर जमशेटजी कांगा यांच्या चेंबरमध्ये गेले आणि १९५० मध्ये दोघांच्या नावाने आयकरावरचा तो मोठा ग्रंथ निघाला. "मामू, ते पालखीवाला होते," भाचा म्हणाला. खरे आहे. पण चेंबर त्यांनाही लागलेच ना?

एल.एल.एम. फुकट जाते असे मी म्हणत नाही. कायद्याच्या महाविद्यालयात शिकवायचे तर ते लागतेच, सोबत नेटही. अमेरिकेत करविषयक एल.एल.एम.ला वजन आहे, तिथल्या मोठ्या फर्म्स ते पाहतात. २०१३ पासून आपल्याकडे ते एका वर्षातही होते. पण जालन्याचा व्यापारी वकिलाच्या भिंतीवरचे प्रमाणपत्र वाचत नाही. उत्तर मुदतीत गेले काय, एवढेच पाहतो.

बहिणीने पैसे दोन वर्षांसाठी ठेवीत टाकले आहेत. तोवर मुलगा सनद घेऊन जालन्याला एका करवकिलांकडे बसेल, पुढे एल.एल.एम. करावेसे वाटले तर रक्कम आहेच. जाण्याआधी मी त्याला माझी खरेदीची बिले दिली. दर महिन्याच्या १४ तारखेला पोर्टलवर जीएसटीआर-२बी निघते, त्याच्याशी जुळवायला सांगितले. पहिल्याच आठवड्यात त्याने न जुळणारी तीन बिले काढली. एका व्यापाऱ्याला मी त्याच संध्याकाळी फोन केला.