मान खाली गेली की

उजनी धरणाच्या फुगवट्यावर कुंभारगावाजवळ नावाड्यानं इंजिन बंद केलं आणि होडी बांबूनं रेटायला घेतली. जानेवारीतली सकाळ, सातचा सुमार. समोरच्या गाळपट्टीवर साठ-सत्तर पट्टकादंब उतरलेले. डोक्यामागे दोन काळे पट्टे असलेले हे राजहंस मंगोलिया, तिबेट, लडाखकडून हिमालय ओलांडून येतात. ७,२९० मीटर उंचीवरून उडताना त्यांची नोंद झालेली आहे. इथे मात्र ते रात्री गहू-हरभऱ्याच्या रानात चरतात आणि दिवसा पाण्याकाठी विसावतात.

मी होडीत पालथा पडून कॅमेरा काठाशी टेकवला. हंसाच्या डोळ्याच्या पातळीवरून पाहिल्याशिवाय त्याचा राग दिसत नाही. वरून टिपलेल्या फोटोत फक्त पाठी दिसतात.

पहिले दोन हिवाळे माझ्या हाती धूसर शेपट्याच लागल्या. पाठलाग सुरू झाला की मी बटण दाबायचो, आणि तोवर सगळं संपलेलं असायचं. हंसाचं भांडण पाठलागाच्या आधीच होऊन जातं, मानेत. चिडलेला हंस मान खाली घेतो, जमिनीला समांतर पुढे ताणतो, चोच किंचित उघडतो. मानेवरच्या पिसांच्या उभ्या चुण्या थरथरू लागतात. तिरप्या उन्हात, सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाच्या शटर-वेगाला ती थरथर फोटोत उतरते. समोरचा बहुतेक वेळा तोंड फिरवून चार पावलं सरकतो. तेवढ्यावर मिटतं. म्हणून आता मी चोच पाहत नाही, मान पाहतो. ती खाली जाऊ लागली की बोट दाबायचं.

क्वचित दोघंही हटत नाहीत. मग एकजण दुसऱ्याला चोचीत पकडून धरतो आणि पंखाच्या सांध्याचे टोले हाणतो. त्या सांध्याला हाडाचा टणक उंचवटा असतो, त्यामुळे टोला नुसत्या पिसांचा नसतो. अशा वेळी भिंगाचं तोंड थोडं बारीक ठेवलेलं असेल तरच दोन्ही डोळे स्पष्ट येतात.

त्या सकाळी सहाजणांचं एक कुटुंब पट्टीच्या कोरड्या उंचवट्याकडे निघालं. चौघा पिल्लांच्या डोक्यावर अजून पट्टे उमटले नव्हते. हंसांची पिल्लं पहिला हिवाळा आईबापांसोबतच काढतात. उंचवट्यावरच्या जोडीनं त्यांना येताना पाहिलं आणि जागा सोडली. एकटा होता तो तर त्याआधीच निघाला होता. थव्यात मोठ्या कुटुंबाचा मान जोडीपेक्षा वरचा, आणि एकट्याचा सगळ्यांत खालचा. थोराड हंस, बहुधा बाप, जोडीच्या मागे पाच-सहा पावलं धावला, वळला आणि आपल्या माणसांत परतला. मग सगळ्यांनी माना पुढे करून एकच कलकलाट केला. पक्ष्यांच्या वागण्याचे अभ्यासक ऑस्कर हाइनरोथ यांनी या वागण्याला विजयघोषाचं नाव दिलं, आणि पुढे कोनराड लोरेंझ यांनी त्याचा अभ्यास केला. लोरेंझ यांचा अभ्यास करड्या हंसांचा होता, पण इथेही मला तेच दिसलं. मला तो क्षण भांडणाहून मोलाचा वाटतो. त्यातल्या माना भांडतानासारख्याच पुढे झेपावलेल्या असतात, पण एकमेकांच्या बाजूनं, कुणावर रोखलेल्या नव्हे.

आम्ही आणखी थोडं पुढे सरकलो. थवा आक्रसला, अंतरं कमी झाली आणि लगेच तीन ठिकाणी चोची लागल्या. फोटोंची चंगळ होती. मी कॅमेरा खाली घेतला. होडीनं दाबून आणलेलं ते भांडण त्यांचं नव्हतं, आमचं होतं. कुणी मुद्दाम थव्यावर होडी घालतो तेव्हा मला मनापासून राग येतो. हजारो मैल उडून आलेल्या पाखराची विश्रांती आपण एका फोटोसाठी मोडतो.

"सर, माना वर झाल्यात," नावाडी हळूच म्हणाला. साठ माना काठीसारख्या ताठ, सगळे डोळे आमच्याकडे. त्याला सांगावं लागलं नाही. त्यानं बांबू उलटा रोवला आणि होडी मागे घेतली.

शंभरेक हात मागे आल्यावर मी पुन्हा भिंगातून पाहिलं. पिल्लांनी चोची पाठीत खुपसल्या होत्या. बाप अजून उभाच होता.