ध चा मा आणि एक आयोटा

‘द दा विंची कोड’ ही २००३ सालची कादंबरी. होस्टेलवर तिची एखादी तरी प्रत असतेच, बहुधा कव्हर नसलेली. तिच्यातलं एक पात्र छातीठोकपणे सांगतं की येशू हा देव आहे, हे इ. स. ३२५ मध्ये नायसियाच्या धर्मपरिषदेत मतं घेऊन ठरवलं गेलं, आणि तेही काठावरच्या बहुमताने. वाचायला झकास! पण परिषदेला जमलेल्या अडीच-तीनशे बिशपांपैकी शेवटपर्यंत सही न करणारे निघाले फक्त दोन. आणि येशूची देव म्हणून भक्ती करणारे ख्रिस्ती लोक तर त्याच्या दोनशे वर्षं आधीपासून होते. मग सम्राटाला परिषद भरवावी लागण्याइतकं भांडण होतं तरी कशाचं?

सुरुवात झाली इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहरात, ३१८ च्या सुमारास. तिथल्या एरियस नावाच्या धर्मगुरूचं म्हणणं साधं, सरळ आणि आपल्यासारख्यांना पटकन पटेल असं होतं. देव एकच, आणि त्याला सुरुवात नाही. आता ‘पुत्र’ म्हटलं की पिता आधी आणि पुत्र नंतर, हे ओघानं आलंच. म्हणजे पुत्र कधीतरी नव्हता. तो सर्वश्रेष्ठ खरा, पण देवाने निर्माण केलेला. एरियसने हा विचार पद्यात बसवला होता, आणि खलाशांनी, जात्यावर काम करणाऱ्यांनी म्हणावीत अशी गाणीही रचली होती म्हणतात. शिवाय त्याच्याजवळ बायबलची वचनं होती. पिता माझ्याहून थोर आहे असं येशूच म्हणतो (योहान १४:२८), मग आणखी काय पाहिजे?

विरोधकांकडेही वचनं होती. मी आणि पिता एक आहोत, हेही त्याच योहानात आहे (१०:३०). पण त्यांचा खरा मुद्दा वेगळाच होता. अलेक्झांड्रियाच्या बिशपाच्या हाताखालचा अथनेशियस हा तरुण पुढे तो आयुष्यभर मांडत राहिला. पुत्र जर निर्माण केलेला असेल, तर तो आपल्याच रांगेतला झाला, कितीही पुढे उभा असला तरी. मग तो माणसाला देवापर्यंत नेणार कसा? आणि आपण रोज त्याची प्रार्थना करतो, ती मूर्तिपूजाच नाही का ठरत? म्हणजे नुसता शब्दांचा कीस नव्हता हा. माणसाचं तारण होतं की नाही, इथवर गोष्ट येऊन ठेपली होती.

सम्राट कॉन्स्टंटाईनला आधी हे सगळं फालतू वाटलं, आणि तसं पत्रही त्याने दोन्ही बाजूंना धाडलं. भांडण मिटेना तेव्हा नायसियात (आजच्या तुर्कस्तानातलं इझनिक) परिषद बोलावली. प्रवास सरकारी खर्चाने, म्हणजे आपल्या इंडस्ट्रियल व्हिजिटपेक्षा बरी सोय!

तिथे जी अडचण आली, ती मला या सगळ्या प्रकरणातली सर्वात शिकण्यासारखी गोष्ट वाटते. अथनेशियस सांगतो की बायबलातला कुठलाही शब्दप्रयोग पुढे केला, की एरियसची बाजू तो खुशाल मान्य करी. पुत्र ‘देवापासून’ आहे? मान्य, सगळंच देवापासून आहे. पुत्र देवाची ‘प्रतिमा’ आहे? मान्य, माणूसही आहे की! शब्द तेच, अर्थ ज्याचा त्याचा. अखेर बायबलात नसलेला एक ग्रीक शब्द आणावा लागला: होमोऊसिऑस, म्हणजे पुत्र आणि पिता एकाच तत्त्वाचे. हा शब्द एरियसच्या बाजूला काही केल्या आपल्या अर्थाने घेता येईना, म्हणूनच तो निवडला गेला. गंमत म्हणजे ग्रंथातला अर्थ राखण्यासाठी ग्रंथाबाहेर जावं लागलं, आणि हे सही करणाऱ्यांपैकीही बऱ्याच जणांना खुपत होतं. त्यातून साठेक वर्षांपूर्वी अँटिओकच्या परिषदेने हाच शब्द दुसऱ्या एका वादात नाकारलेला.

सह्या झाल्या म्हणजे प्रश्न सुटला असं थोडंच असतं? दोन-तीन वर्षांतच सम्राटाचा कल फिरू लागला. अथनेशियस ३२८ मध्ये बिशप झाला आणि पुढे पाच वेळा हद्दपार झाला. पंचेचाळीस वर्षांतली सतराएक वर्षं बाहेरच गेली. खुद्द कॉन्स्टंटाईनने ३३७ मध्ये मृत्युशय्येवर बाप्तिस्मा घेतला, तो एरियसच्या जुन्या पाठीराख्याकडून! मग परिषदांवर परिषदा आणि मसुद्यांवर मसुदे. मधल्या एका गटाने तोडगा काढला: होमोऊसिऑस नको, होमोइऊसिऑस म्हणू. ‘एकाच तत्त्वाचा’ऐवजी ‘सारख्या तत्त्वाचा’. फरक फक्त एका आयोटाचा, म्हणजे आपल्या ‘इ’चा. यावर इतिहासकार गिबनने यथेच्छ टिंगल केली आहे. पण ज्यांच्या इतिहासात ‘ध’ चा ‘मा’ झाला, त्या आपण तरी एका अक्षराला हसू नये.

कोंडी फुटली ती व्याख्यांमुळे. ‘ऊसिया’ आणि ‘हायपोस्टेसिस’ हे दोन शब्द ३२५ च्या ठरावात चक्क एकाच अर्थाने आले होते. बेसिल, नायसाचा ग्रेगरी आणि नाझियान्झसचा ग्रेगरी या कपॅडोशियाच्या तिघांनी ते वेगळे केले. तत्त्व एक, व्यक्ती तीन: पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. आज ज्याला त्रैक्य म्हणतात त्याची ही नेमकी मांडणी तेव्हाची. हा वाद विद्वानांपुरता होता असंही समजू नका. नायसाचा ग्रेगरी वैतागून सांगतो की कॉन्स्टँटिनोपलमध्ये पावाचा भाव विचारला तर दुकानदार पिता थोर की पुत्र ते सांगतो, आणि आंघोळीचं पाणी तयार आहे का विचारावं तर पुत्र शून्यातून निर्माण झाला असं उत्तर मिळतं. शेवटी ३८१ मध्ये, सम्राट थिओडोसियसच्या काळात, कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने नायसियाचा निर्णय कायम केला. आज चर्चमध्ये ‘नायसियाचा’ म्हणून जो मजकूर म्हटला जातो, तो खरं तर या दुसऱ्या परिषदेशी जोडलेला आहे.

मग सिद्धान्त बदलला की उलगडला? एरियसच्या वादावर आधीच पुस्तक लिहिलेल्या जॉन हेन्री न्यूमनने १८४५ मध्ये या प्रश्नावर ग्रंथ लिहिला. कल्पना मुळात होतीच, प्रश्न येत गेले तशी ती उलगडली, असं त्याचं मत. जर्मन इतिहासकार हारनॅक म्हणतो, साध्या शुभवर्तमानावर ग्रीक तत्त्वज्ञानाचं कलम झालं. मला न्यूमन जास्त पटतो, पण एका अटीवर: उलगडण्याचं निम्मं श्रेय एरियसलाही द्यायला हवं. त्याने प्रश्न विचारला नसता तर उत्तर इतकं घासूनपुसून कोण काढतं?

हाच प्रश्न आपल्याकडच्या एका बाईंनीही विचारला. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, आणि थोड्याच काळात त्रैक्याच्या सिद्धान्तावरून त्या आपल्या गुरुभगिनींशी आणि चेल्टनहॅमच्या प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी पत्रांतून वाद घालू लागल्या. बायबल मी स्वतः वाचून ठरवीन, असा त्यांचा बाणा होता. ती पत्रं महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये छापली आहेत. भाषा इंग्रजी आहे, पण वाद घालण्याची धाटणी अस्सल शास्त्रीबुवांच्या घरची!